लो हँगिंग फ्रूट, बँडविड्थ, बाय-इन… मीटिंगमध्ये मधेच थांबवून अर्थ विचारता का तुम्ही?

पिंपळपार:

नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पीपीसीला, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे, कंपनीचं नाव नको. गेले चार महिने आमच्याकडे कन्सल्टंट आलेत, ट्रान्स्फॉर्मेशन का काय ते चाललंय. पोरं हुशार आहेत, वागायला चांगली आहेत, रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत बसलेली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती भाषेबद्दल.

मंगळवारच्या रिव्ह्यूमध्ये काय झालं सांगतो. आमचे वेल्ड शॉपचे सुपरवायझर आहेत, २६ वर्षं सर्व्हिस, टेबलाच्या टोकाला डायरी घेऊन बसले होते. कन्सल्टंटने स्लाइड दाखवली आणि म्हणाला की वेल्ड शॉपमध्ये आपल्याला बरंच लो हँगिंग फ्रूट दिसतंय, ते कॅप्चर केलं तर क्यू थ्रीमध्ये नीडल मूव्ह होईल, फक्त फ्लोअर लेव्हलला बाय-इन पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीपण. मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये काकांनी मला गाठलं आणि हळूच विचारलं, साहेब ते बायइन कुठल्या व्हेंडरकडून येतं, स्टोअरला इंडेंट टाकायला पाहिजे ना? डायरीत खरंच लिहिलं होतं, "बायइन - किती नग? स्टोअरला सांगणे."

बाय-इन म्हणजे लोकांना पटणं, आणि काका नग मोजत होते! मला हसू आवरेना, तिथेच खो खो हसलो. काकापण हसले बिचारे. पण बसमध्ये बसल्यावर जे डोक्यात शिरलं ते दोन दिवस झाले तरी जात नाहीये. हा माणूस स्पॉट वेल्डचा ठिपका नुसता बघून सांगतो की गनची टिप पसरलीये, ड्रेसिंगला, म्हणजे घासून नीट करायला काढा. आणि त्या खोलीत त्याला वाटत होतं की आपल्यालाच काही कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे नीट कळलं होतं? लो हँगिंग फ्रूट म्हणजे वेल्ड शॉपमधलं नक्की काय हे मी विचारलंच नाही.

तर प्रश्न असा की तुमच्याकडे असं होतं तेव्हा तुम्ही थांबवून विचारता का? एमडी बसलेले असताना? आणि यातले कुठले शब्द खरंच शिकून घेण्यासारखे आहेत?

सोनटक्का:

बायइन किती नग, अहो काय हे, ऑफिसमध्ये जोरात हसले मी आणि शेजारची बघायला लागली.

आमच्याकडे हिंजवडीला आम्ही टीममध्ये चक्क हाऊजी खेळायचो यावर. सोसायटीच्या गणपतीत खेळतात तशीच, तिकिटं छापून, आकड्यांच्या जागी शब्द, सिनर्जी, डीप डाइव्ह, सर्कल बॅक, अलाइन, लेव्हरेज, होलिस्टिक. साहेब बोलायला लागले की गुपचूप खुणा करायच्या. जल्दी पाचला वडापाव, फुल हाऊसला सगळ्यांनी मिळून मिसळ. हा खेळ मूळचा अमेरिकेतला आहे, बझवर्ड बिंगो, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतल्या टॉम डेव्हिसने १९९३ मध्ये काढला, दुसऱ्या वर्षी डिल्बर्टच्या व्यंगचित्रात आला आणि जगभर गेला. १९९६ ला अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर एमआयटीच्या पदवीदान समारंभाला भाषणाला गेले तर तिथल्या पोरांनी त्यांच्यावरपण खेळला होता म्हणे.

पण आम्ही तो का बंद केला ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एकदा टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये, साहेबांनी "ट्रान्स्पोर्ट रॅशनलायझेशन" म्हटलं आणि आमच्यातल्या एकीचं फुल हाऊस झालं. आम्ही खुशीत, एकमेकींना टेबलाखालून तिकिटं दाखवतोय. पुढच्या सोमवारी रात्री अकराच्या शिफ्टची निगडीकडची बस आलीच नाही. विचारलं तर म्हणे टाउन हॉलमध्ये सांगितलं होतं की, कुणी काही हरकत घेतली नाही. आणि खरंच सांगितलं होतं! त्या एका शब्दातच ते होतं. तिघी जणी रात्री गेटवर उभ्या, एकीचे मिस्टर भोसरीवरून गाडी घेऊन आले तेव्हा घरी पोचल्या. त्या दिवसापासून हाऊजी बंद. असला शब्द आला की आता मी हात वर करते आणि विचारते, म्हणजे कुठली बस? एमडी असले तरी विचारते.

आल्याचा_चहा:

वरचं वाचून काटा आला.

आमच्या घरात तर ही भाषा शिरलीये. नवऱ्याला म्हटलं येताना कोथिंबीर आण, तर म्हणतो आज बँडविड्थ नाहीये. सासूबाईंनी विचारलं, काय नाहीये? मग म्हणाल्या, "वेळ नाही म्हण की रे सरळ, मी शेजारणीकडून आणते." तेव्हापासून आमच्याकडे नियम केलाय, घरात वेळ नाही म्हणायचं. बँडविड्थ ऐकलं की मला समोर माणूस नाही, वायर बोलतेय असं वाटतं.

कलमवाला:

लो हँगिंग फ्रूटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण आमची देवगडला हापूसची कलमं आहेत आणि मी मुंबईत ऑफिसमध्ये हा शब्द आठवड्यातून चार वेळा ऐकतो.

हाताला लागतंय ते सोपं काम आधी उरका, असा त्याचा अर्थ. ज्याने हा शब्द काढला तो आमच्या बागेत आला असता तर वडिलांनी त्याला हाकललाच असता. हाताला लागतो म्हणून आंबा कोण काढतं? आंबा काढायचा तो तयार झाला म्हणून. आतल्या, खालच्या फांद्यांना ऊन कमी, तिथली फळं बऱ्याचदा मागून तयार होतात, आणि जी हाताला लागतात ती तशीही पोरं नाहीतर गुरं ठेवत नाहीत. आम्ही काढतो चौदा आणे तयार झालेला. म्हणजे देठाजवळ खांदा चांगला भरून वर आलेला, गडद हिरवा रंग उतरून फिका झालेला. आणि काढायचा तोपण झेल्याने, देठासकट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे, त्याला वर पातं असतं, देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडतं. ओढून काढलात तर देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, आणि पेटीत आढी लावल्यावर तिथूनच कुजायला सुरुवात. म्हणजे "सोपं आहे, काढून टाका" ही जी घाई त्या शब्दात आहे ना, ती आंब्याच्या धंद्यात नुकसानीची घाई आहे.

आता बघा, चौदा आणे हापण आमचा धंद्याचाच शब्द आहे. आणे जाऊन जमाना झाला, १९५७ ला नवे पैसे आले, आमच्या बागेत काम करणाऱ्या पोरांनी आणा डोळ्याने पाहिलेला नाही. बाहेरच्याला काही कळणार नाही. पण झाडावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगितलं, चौदा आणेच काढ रे, की तो बरोबर तेवढीच काढतो, एक फळ चुकत नाही. नेपाळहून आलेला गडी दुसऱ्या हंगामात हा शब्द वापरायला लागतो. त्यामुळे धंद्याचे शब्द असण्याला माझा विरोध नाही. शब्द ऐकून हात हलला पाहिजे. तुमच्या काकांचा हात डायरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

मधला_बाक:

मी दुसऱ्या बाजूचा, सहा वर्षं कन्सल्टिंगमध्ये आहे, फर्मचं नाव सांगणार नाही. धागा वाचून वाईट वाटलं, विशेषतः पार्किंगचा प्रसंग, कारण मीपण अशा खोल्यांमध्ये उभा राहून हे बोललोय.

थोडं आतून सांगतो. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा अशा खोलीत उभा राहतो जिथे समोरच्याची सर्व्हिस त्याच्या वयाहून जास्त आहे. त्याला भीती असते. मोठे शब्द हे त्या भीतीवर घातलेला कोट आहे. दुसरं म्हणजे आज तो सिमेंटमध्ये, दोन महिन्यांनी बँकेत, मग तुमच्याकडे, त्यामुळे तो असे शब्द शिकतो जे सगळीकडे चालतात, आणि जे सगळीकडे चालतात ते कुठेच नेमके बसत नाहीत. आणि तिसरं, हे कबूल करायला पाहिजे, काही शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. डायरेक्शनली करेक्ट म्हणजे आकडा पक्का नाहीये. ऑफलाइन घेऊ म्हणजे हे सगळ्यांसमोर नको. पार्किंग लॉट म्हणजे भिंतीवरचा तो कागद जिथे तुमचा प्रश्न चिकटवला जातो आणि संध्याकाळी हाउसकीपिंगवाला कागदासकट काढून नेतो, हे मी स्वतः पाहिलंय. रिसोर्स म्हणजे माणूस. यातला शेवटचा मला सगळ्यात जास्त खटकतो, मी लिहिताना सोडलाय तो.

पण सगळेच शब्द फेकून देऊ नका. एक शिकून घ्या, मीसी. मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये १९६० च्या दशकात बार्बरा मिंटो म्हणून बाई होत्या, त्यांचा हा शब्द. अर्थ एवढाच की यादी करताना एक गोष्ट दोन खान्यांत यायला नको आणि कुठलीच गोष्ट खान्याबाहेर राहायला नको. यातून काय कळतं बघा. समजा स्लाइडवर लिहिलंय की रात्रपाळीचं रिजेक्शन कमी केलं की ४ लाख वाचतील आणि जुन्या प्रेसवरचं कमी केलं की ३ लाख, एकूण ७ लाख. आणि तुम्हाला माहीत आहे की जुना प्रेस चालतोच फक्त रात्रपाळीत. म्हणजे ते ३ लाख त्या ४ लाखातलेच आहेत, दोनदा मोजलेत! विचारा तिथे, हे मीसी आहे का, आमचा पोरगा ताडकन उठून बसेल आणि रात्री स्लाइड दुरुस्त करेल. हे मी खात्रीने सांगतो.

आणि आमच्या लोकांना हे कळत नाही असं नाही. २००३ मध्ये डेलॉइटच्या कन्सल्टिंगवाल्यांनीच बुलफायटर नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं, वर्ड आणि पॉवरपॉइंटमधली असली भाषा शोधून दाखवायचं.

एमडींसमोर विचारायचं कसं, तर "याचा अर्थ काय" असं विचारू नका, त्याला अजून पाच शब्द सापडतील. विचारा, "हे केलं तर सोमवारी सकाळी वेल्ड शॉपमध्ये कोण काय वेगळं करणार?" यावर शब्दांनी उत्तर देता येत नाही. काम माहीत असेल तरच देता येतं.

श्टुटगार्टकर:

उशिरा आलो. कलमवाल्यांशी शंभर टक्के सहमत आणि त्यांच्या चौदा आण्यांचा एक भाऊ आमच्याकडे आहे, टॅक्ट टाइम. पिंपळपार, तुम्ही पीपीसीला आहात म्हणजे रोजच वापरत असाल. शब्द मूळ जर्मन, टाक्ट म्हणजे ताल, इथे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या हातातल्या काडीला टाक्टस्टॉक म्हणतात. पाळी ८ तासांची म्हणजे ४८० मिनिटं, त्यातून जेवणाची ३० आणि चहाच्या दोन सुट्ट्या १० - १० ची वजा केल्या की राहिली ४३०. गिऱ्हाइकाला पाळीला ४३० नग पाहिजेत तर दर मिनिटाला एक नग लाइनीवरून उतरला पाहिजे. झालं. हे लाइनवरच्या हेल्परला सांगा, त्याला कळतं, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी पाच मिनिटं कापायला आलं तर तोच हिशेब उलटा मांडून भांडतापण येतं त्याला.

गेम्बाचंही तेच. जपानीत गेन्बा म्हणजे जिथे प्रत्यक्ष घडतं ती जागा, पोलिसांची घटनास्थळाची जागापण गेन्बाच. म्हणजे शब्द म्हणतोय खाली उतरा, लाइनवर जा. आता एसीत बसून "आपण गेम्बा घेऊया" म्हणणारे मीपण पाहिलेत, तेव्हा संताप होतो, पण त्यात त्या शब्दाची काय चूक.

चाफेकळी:

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय.

मागच्या वर्षी मला एक मीटिंग इन्व्हाइट आलं, नाव "कनेक्ट", वेळ १५ मिनिटं. स्क्रीनवर माझे मॅनेजर आणि एचआरच्या एक बाई. त्यांनी वाचून दाखवलं की ऑर्ग सिम्प्लिफिकेशनमुळे तुमचा रोल इम्पॅक्ट झालाय आणि वी विल सपोर्ट यू थ्रू द ट्रान्झिशन. मी म्हटलं ओके, थँक यू. खरंच थँक यू म्हटलं मी. कॉल संपला आणि पाच मिनिटं तशीच बसले, मला कळत नव्हतं की उद्या कामावर जायचंय का नाही. बाबा बाहेर पेपर वाचत होते त्यांना सांगायला गेले तर तेच शब्द तोंडात, बाबा रोल इम्पॅक्ट झालाय. ते म्हणाले, "म्हणजे काढलं का?" मी हो म्हटलं आणि मग रडायला आलं. रडायलासुद्धा मराठी शब्द लागला मला.

बाबांनी पिंपरीला २२ वर्षं काम करून व्हीआरएस घेतली होती. ते म्हणाले आमच्या वेळी गेटच्या आतल्या फळ्यावर नोटीस लावली होती, स्वेच्छानिवृत्ती योजना, त्यात स्वेच्छा कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण खाली लिहिलेलं होतं सर्व्हिसच्या एका वर्षाला किती दिवसांचा पगार, शेवटची तारीख कुठली, फॉर्म कुठे मिळेल. चार जणांनी फळ्यासमोर उभं राहून हिशेब केला, युनियनकडे गेले, भांडले. तुला काय लिहून दिलंय? मी मेल उघडून दाखवला. अडीच पानं. आकडा सापडायला आम्हा दोघांना अर्धा तास लागला, तो अटॅचमेंटमध्ये होता.

सध्या दुसरीकडे लागलेय, बरं चाललंय. पण पिंपळपार, तुम्ही विचाराच. मी १५ मिनिटांत एक प्रश्न विचारू शकले नाही त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मधला_बाक:

चाफेकळी, वाचून गप्प झालो. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

एकच भर घालतो. रीइंजिनिअरिंग हा शब्द मायकेल हॅमर यांच्या १९९० मधल्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या लेखातून सगळीकडे गेला. त्यांचं म्हणणं होतं की जुनीच वाकडी कामाची पद्धत कॉम्प्युटरवर चढवू नका, पद्धतच पहिल्यापासून मांडा. चांगला विचार होता. पण पाच-सहा वर्षांत कंपन्यांनी तो शब्द माणसं कमी करायला इतका वापरला की लोक तो ऐकला की टेबल आवरायला लागायचे. मग राइटसायझिंग आलं, आता सिम्प्लिफिकेशन. एका शब्दाची लोकांना धास्ती बसली की नवा आणतात.

पिंपळपार:

सगळ्यांचे आभार, चाफेकळी तुमचे खास. अपडेट देतो.

बुधवारी चहाच्या सुट्टीत वेल्ड शॉपमध्ये गेलो आणि काकांना सांगितलं की बायइन ही वस्तू नाही, त्यांना विचारायचंय की तुम्हाला हे पटतंय का. काका म्हणाले, "मग सरळ विचारायचं ना, पटतंय का म्हणून. काय पटवायचंय ते तरी सांगा." ते तर मलाच माहीत नव्हतं. मग आजच्या रिव्ह्यूमध्ये, एमडी समोर असताना, मी मधला_बाक यांचं वाक्य जसंच्या तसं विचारलं, सोमवारी सकाळी वेल्ड शॉपमध्ये कोण काय वेगळं करणार? हात थरथरत होता पण विचारलं.

खोली शांत. कन्सल्टंटने लॅपटॉपमध्ये मागच्या दोन-तीन स्लाइड बघितल्या आणि साध्या भाषेत सांगितलं की तुम्ही दर २५० स्पॉटनंतर टिप ड्रेसिंग करता, ते ४०० नंतर केलं तर लाइन थांबण्याचा वेळ वाचेल. हे होतं ते लो हँगिंग फ्रूट! चार महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य काकांपर्यंत पोचलं. आणि काका लगेच बोलले, डायरी न उघडता. म्हणाले साध्या, जस्त नसलेल्या सीआर पत्र्यावर ४०० जाईल, मी स्वतः करून देतो, पण आपले निम्मे पार्ट आता गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे आहेत, त्याचा जस्ताचा थर टिपला धरतो, टिप लवकर पसरते, तिथे ४०० वर गेलात तर स्पॉट वरून गोल दिसेल आणि आतून धरलेलाच नसेल, छिन्नी मारली की सुटेल. आणि ते पार्ट सीटच्या खाली जातात.

मला त्या पोराचं कौतुक वाटलं, त्याने वाद घातला नाही. उठून काकांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि कुठले पार्ट सीआरचे, कुठले जस्ताचे ते लिहून घ्यायला लागला. पार्ट नंबर काकांना तोंडपाठ. एमडीपण खुर्ची ओढून तिकडे वळले. अर्धा तास ते तिघेच बोलत होते.

ट्रायल शुक्रवारी सेकंड शिफ्टला, फक्त सीआरच्या पार्टवर, दर तासाला एक नग छिन्नीने तोडून बघायचा असं ठरलंय. निघताना काकांची डायरी बघितली. "बायइन - किती नग" वर काट मारलीये आणि शेजारी लिहिलंय, "पटलं. सीआरपुरतं."